घर बघायला गेलो आणि न्हाणीघर शेजाऱ्याच्या जागेत निघालं

खूप दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज बसलेच. गावातलं जुनं घर घ्यायचं म्हणून आम्ही सहा-सात महिने हिंडलो, त्यातलं एक आवडलं, इतकं आवडलं की नवरा पहिल्याच दिवशी ओटीवर बसून खिडकीशी टेबल कुठे लावायचं ते ठरवत होता. मीही काही कमी नव्हते, मनातल्या मनात मागच्या अंगणात झाडं लावून मोकळी झाले होते. जाड दगडी भिंती, वर लाकडी तुळया, कौलारू छप्पर, मागे विहीर. अजून काय पाहिजे माणसाला.

टोकन द्यायच्या आदल्या रात्री दादाचा फोन आला, त्याने एकच विचारलं, सर्व्हे केला का. मी म्हटलं हो, मालकांनी नकाशा दाखवलाय की. तर म्हणे तो जागेचा, मी घराचा विचारतोय. आणि इथेच पहिला घोळ आहे बघा, आपण 'सर्व्हे' हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. एक म्हणजे जमिनीची मोजणी, म्हणजे हद्द कुठून कुठवर, आणि दुसरा म्हणजे बांधकामाची तपासणी, म्हणजे घराची तब्येत कशी आहे. पहिला करणाऱ्याला छपराशी घेणंदेणं नसतं आणि दुसरा करणारा हद्दीबद्दल एक अक्षर बोलत नाही. मालक म्हणतात सर्व्हे झालाय, ते खोटं बोलत नसतात, फक्त त्यांच्या डोक्यात एक सर्व्हे असतो आणि आपल्या डोक्यात दुसरा. आमचे तर दोन्ही झालेले नव्हते हे नंतर कळलं, तो नकाशा म्हणजे कुठल्या तरी जुन्या कागदाची झेरॉक्सची झेरॉक्स होती.

मग टोकन थांबवलं. नवऱ्याचं तोंड दोन दिवस बारीक.

तपासणीसाठी ज्या बाई मिळाल्या त्या स्ट्रक्चरल इंजिनिअर, जुन्या घरांचंच काम करणाऱ्या. हे महत्त्वाचं आहे, कारण आरसीसीच्या बिल्डिंगी बघणाऱ्या माणसाला दगड-चुन्याचं घर दाखवलं की तो एकतर पाडा म्हणतो नाहीतर सगळीकडे सिमेंट मारा म्हणतो. बाईंनी फोनवर पहिली अट घातली, मी पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी येणार, कोरड्या दिवशी येणार नाही. कोरड्या दिवशी घर काही सांगत नाही म्हणे. आम्ही सगळ्या भेटी छान ऊन बघून केल्या होत्या, फोटो चांगले येतात म्हणून.

आता मी आणि नवऱ्याने घर बघून भीतीची एक यादी केली होती. एक नंबरला मधल्या खोलीची भेग, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी वर गेलेली, बघून पोटात गोळा यायचा. दोन नंबरला छप्पर. बाकी सगळं उत्तम, विशेषतः मागची खोली, कारण तिला नुकताच रंग दिलेला होता.

बाई भेगेपाशी गेल्या, टॉर्च तिरका धरला, एक छोटी प्लास्टिकची पट्टी लावून रुंदी मोजली, साधारण 4 मिलिमीटर. मग भेगेच्या आत बघितलं. आत जुना रंग उतरलेला, कडा गोलसर झालेल्या, धूळ बसलेली आणि कोळ्याचं जाळं. म्हणाल्या ही भेग म्हातारी आहे, हिचं जे काय व्हायचं ते होऊन गेलंय. ताजी भेग असेल तर कडा धारदार असतात आणि आतला माल स्वच्छ दिसतो. शिवाय भेग वर जास्त उघडी आहे की खाली, दोन्ही बाजूंना भिंत एकाच पातळीत आहे की एक बाजू पुढे आलीय, हे बघायचं असतं, त्यावरून कुठला कोपरा खचलाय ते कळतं. साधारण 5 मिलिमीटरपर्यंतची भेग, ती हलत नसेल तर, भरून घ्यायचं काम असतं, 15 च्या पुढे गेली की मात्र भिंत उतरवून बांधायचं बोलणं सुरू होतं. त्यांनी ओळंबा सोडून भिंत बघितली, दार उघडझाप करून बघितलं (चौकट वाकडी झाली असेल तर दार आधी बोंबलतं), आणि शेवटी पेन्सिलने भेगेच्या दोन्ही टोकांना आडव्या रेघा मारून बाजूला तारीख लिहिली. झालं. आमची एक नंबरची भीती दहा मिनिटांत गेली.

छप्पर बघायला त्या माळ्यावर चढल्या, कौलं चारपाच फुटलेली, वासे बऱ्यापैकी. वाळवीची मातीची नळी भिंतीवरून वर चढतेय का ते बघितलं, नव्हती. एका वाशाला बारीक गोल भोकं होती आणि आम्ही हादरलो, तर त्यांनी वाशाखाली हात फिरवून बघितलं, ताजी पिवळसर भुकटी पडलेली नव्हती, म्हणजे किडा कधीच निघून गेलेला. मागच्या पडवीवर सिमेंटचे जुने पत्रे होते, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस (बारीक धाग्यांचं एक खनिज) असणार असं धरूनच चाला म्हणाल्या, आहे तसे पडून असतील तर फार धोका नाही पण ड्रिल मारायचं नाही, कापायचे नाहीत, घासायचे नाहीत, काढायचे तर ओले करून अख्खे काढायचे आणि माहीतगार माणसाकडूनच. अ‍ॅस्बेस्टॉसच्या सगळ्या प्रकारांनी कॅन्सर होतो असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, त्यामुळे यात काटकसर नको.

आणि मग मागची खोली. ती रंगवलेली, आमची लाडकी.

बाई दारातच थांबल्या आणि नाकाने वास घेतला. मग विचारलं, अख्ख्या घरात हीच खोली का रंगवलीय आणि तीही कमरेपर्यंत नवीन आणि वर जुनी का? खरं सांगते, आम्ही त्या खोलीत चार वेळा उभे राहिलो होतो आणि आमच्या दोघांच्याही ते लक्षात आलं नव्हतं, आम्हाला वाटलं डिझाइन आहे. त्यांनी कपाट पुढे ओढायला लावलं, मालकांची परवानगी घेऊन, आणि मागे भिंतीवर जमिनीपासून साधारण तीन फुटांवर एक आडवी पांढरी लाट होती, भरती ओसरल्यावर वाळूवर रेघ राहते ना तशी. क्षार. जमिनीतलं पाणी भिंतीतून वर चढतं, वर हवेत उडून जातं आणि मीठ मागे ठेवतं. असं पाणी साधारण मीटरभरच चढतं, फार तर थोडं जास्त, म्हणून ओल जमिनीपासून कमरेपर्यंत असेल तर ती खालून आलेली आणि वरच्या कोपऱ्यात डाग असेल तर छपरातून, हा ढोबळ हिशोब.

मी ओलीचं मीटर दाखवून हुशारी केली, माझ्याकडे ऑनलाइन घेतलेलं ते दोन सुया असलेलं होतं. त्यांनी हसून सांगितलं की हे लाकडासाठी बनवलेलं असतं, लाकडात 20 टक्क्यांच्या वर आकडा गेला तर बुरशीची भीती असते ते खरं, पण दगड-गिलाव्यावर हे लावलं की भिंतीतल्या क्षारांमुळेही आकडा वर जातो, म्हणजे भिंत कोरडी असली तरी हे ओरडणार. तर मीटर बाजूला ठेवून त्या घराबाहेर गेल्या, मागच्या अंगाला, आणि मला म्हणाल्या इथून जोतं दाखवा. मी शोधलं. जोतं नव्हतंच! म्हणजे होतं पण जमिनीखाली गेलं होतं. वर्षानुवर्षं मागच्या बाजूला भर पडत जमीन वर येत गेली, मग अंगणात फरशी आली, करता करता बाहेरची जमीन आतल्या जमिनीपेक्षा वीतभर वर आली. बाहेरची माती आतल्या जमिनीच्या निदान 15 सेंटिमीटर तरी खाली पाहिजे, इथे उलटं. त्यात कोणीतरी ओल थांबवायला म्हणून भिंतीला बाहेरून कमरेपर्यंत सिमेंटचा गिलावा मारला होता.

या सिमेंटचं मला खूप नवल वाटलं म्हणून थोडं सविस्तर लिहिते. पोर्टलंड सिमेंटचं पेटंट जोसेफ अ‍ॅस्पडिन नावाच्या माणसाने घेतलं 1824 साली, इंग्लंडमध्ये. आणि ते खेड्यापाड्यांत सर्रास पोचायला तर अजून कितीतरी काळ गेला, म्हणजे गावातली जुनी दगड-विटांची घरं बहुतेक चुन्यात नाहीतर मातीत बांधलेली. या भिंती पाणी पितात आणि सोडतात, दोन्ही. पाण्याला अडवायचं नाही, येऊ दे आणि जाऊ दे, असा त्यांचा कारभार. त्यावर सिमेंट किंवा प्लास्टिक पेंट चढवला की आत येणारं पाणी येतच राहतं पण बाहेर जायचा रस्ता बंद, मग ते अजून वर चढतं, किंवा आतल्या बाजूने बाहेर पडतं, आणि आपण म्हणतो बघा ओल वाढली, अजून एक कोट मारा. ओल झाकायला दिलेल्या औषधानेच ओल वाढते. आमच्याकडे तीन थर निघाले.

त्या ओल्या भिंतीत एका तुळईचं टोक घुसलेलं होतं. बाईंनी खिशातून आरी काढली आणि तुळईच्या मध्यावर टोचली, गेली नाही. भिंतीलगत टोचली तर दोन बोटं आत गेली. बाहेरून तुळई तेलपाणी केलेली, चकचकीत. मी तर तिचा फोटो स्टेटसला ठेवला होता!

रिपोर्ट चारेक दिवसांनी आला. एक सांगते, रिपोर्टमध्ये लोक फोटो आणि लाल शेरे बघतात, तुम्ही आधी 'पाहता आले नाही' हा भाग वाचा. फरशीखालचं बघता आलं नाही, कुलूप असलेली खोली बघता आली नाही, सेप्टिक टँकचं झाकण उघडलं नाही. तपासणी करणारा माणूस मालकाच्या परवानगीशिवाय काही उखडत नाही, फोडत नाही, आणि तेही बरोबरच आहे, घर अजून मालकाचं असतं. पण म्हणजे त्या गोष्टी चांगल्या आहेत असा अर्थ होत नाही. आम्ही त्या यादीवरून मालकांना विनंती करून कुलूपवाली खोली आणि टँक परत उघडायला लावलं. खोलीत अडगळ निघाली. टँकचा शोषखड्डा, म्हणजे टँकमधलं पाणी जमिनीत मुरवणारा खड्डा, मात्र विहिरीपासून 11 मीटरवर निघाला, तोही विहिरीच्या वरच्या अंगाला. आपत्तीनंतरच्या छावण्यांसाठी स्फिअर म्हणून जी मानकं वापरतात त्यातसुद्धा शोषखड्डा भूजलाच्या स्रोतापासून किमान 30 मीटर लांब ठेवायला सांगितलंय, म्हणजे तंबूत राहणाऱ्यांसाठी जो नियम तो इथे पक्क्या घरात पाळला नव्हता. पाणी लॅबला दिलं, ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारे जंतू, आले. पिण्याच्या पाण्यात 100 मिलिलिटरमध्ये एकही नको असा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष आहे. शेजारच्या आजी म्हणाल्या आम्ही तर जन्मभर हेच पाणी पितोय. त्यांच्याशी काय वाद घालणार.

तरी इथवरचं सगळं दुरुस्त होण्यासारखं होतं. आता जागेची मोजणी.

मालकांनी हद्द दाखवली होती ती अशी, हात लांब करून, ते झाड ते हा दगड आणि तिकडून सरळ. नवऱ्याने फोनवर ॲप टाकून हद्दीवरून चालून एरिया काढला होता आणि तो कागदातल्या क्षेत्राशी जवळपास जुळला म्हणून खूश होता. फोनचं जीपीएस मोकळ्या आभाळाखाली, सगळं छान असताना, साधारण 4.9 मीटरच्या आत बरोबर असतं, हे अमेरिकन सरकारची जीपीएसची साइटच सांगते. झाडाखाली, भिंतीलगत अजून खराब. आता आमचं मागचं अंगणच जेमतेम सहा मीटर रुंद. म्हणजे त्याचं ॲप काय मोजत होतं देवजाणे.

आणि नुसता नकाशाही पुरत नाही, हे मला मोजणीवाल्या पोराने समजावलं. 1:1000 चा नकाशा घ्या, त्यावर हद्दीची रेघ अर्धा मिलिमीटर जाड असेल तर ती रेघ जमिनीवर अर्धा मीटर झाली. 1:2500 चा असेल तर सव्वा मीटर. दोन शेजारी त्या रेघेच्या जाडीत आयुष्यभर भांडू शकतात आणि दोघंही नकाशाप्रमाणे बरोबर! त्याच्याकडचं जीपीएस काठीवर लावलेलं, एका ठरलेल्या बिंदूवरून दुरुस्ती घेणारं, ते दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत मोजतं, पण तो स्वतःच म्हणाला ताई, मशीन बारीक मोजतं म्हणून हद्द बारीक कळते असं नाही, मोजायला सुरुवात कुठून करायची तो जुना दगड सापडला पाहिजे. म्हणून तो सकाळभर नुसता गवतात दगड शोधत फिरत होता. दोन सापडले, तिसरा कुंपणाच्या मुळांत अडकलेला. यासाठी आधी शेजाऱ्यांना सांगून ठेवलं होतं, हे नक्की करा, त्यांच्या मागे मोजणी केली की ती कितीही खरी असली तरी त्यांना ती चोरीच वाटते.

शेजारचे मामा आले, बांधावर उभे राहिले, काही बोलले नाहीत. पोराने खुंट्या मारल्या, दोरी बांधली. दोरी न्हाणीघराच्या मधून गेली. म्हणजे भिंतीच्या अलीकडून नाही, पलीकडून नाही, आरपार, 70 सेंटिमीटर न्हाणीघर मामांच्या जागेत. मालक म्हणाले मशीन चुकलं असेल. मामा शांतपणे म्हणाले, मशीन बरोबर आहे, बांधताना तुझ्या वडिलांनी मला विचारलं होतं, मी म्हटलं बांधा.

बरं हे एवढ्यावर थांबलं नाही. मामांनीच पुढे सांगितलं की तुम्ही गाडी आणली ना ती बोळही माझी, तीही यांना मी वापरायला दिलीय. घराकडे यायला दुसरा रस्ताच नाही! माझ्या डोळ्यांसमोर सगळं फिरलं, कारण रस्ता कुठल्याच सर्व्हेत येत नाही, बांधकामवाला तो बघत नाही, मोजणीवाला जमीन कोणाची ते दाखवतो पण जायचा हक्क आहे का ते सांगत नाही, तो वकिलाचा प्रांत. आणि वकिलांनी जे सांगितलं ते मला तोवर उलटंच माहीत होतं. मला वाटायचं इतकी वर्षं वापरतायत म्हणजे वहिवाट झालीच. तर बहुतेक ठिकाणच्या कायद्यात वहिवाटीचा हक्क तयार व्हायला वापर हक्क म्हणून, बिनपरवानगी, उघडपणे झालेला लागतो. विचारून, परवानगीने वापरलेला रस्ता कितीही वर्षं वापरा, तो उपकारच राहतो. म्हणजे आधीच्या मालकांनी चांगुलपणाने विचारलं म्हणून हक्क मिळाला नाही, न विचारताच उघडपणे वापरत राहिले असते तर कदाचित मिळाला असता. मला हे पचायला वेळ लागला. उद्या मामांची मुलं म्हणाली बंद, तर बंद.

तर आमच्या यादीत एक नंबरला असलेली भेग शून्य झाली, छप्पर किरकोळ, आवडती खोली सगळ्यात आजारी, आणि जे यादीत नव्हतंच, घराच्या बाहेरची चारपाच पावलांची बोळ, त्यावर सगळा व्यवहार अडकला.

घासाघीस करायला रिपोर्ट कामाला येतो असं सगळे सांगतात, येतो, मालकांनी तुळई आणि शोषखड्ड्याच्या कामाएवढी किंमत कमी केली, त्यांनाही अर्ध्या गोष्टी माहीत नव्हत्या, नवीन रंग मुद्दाम लपवायला दिला होता असं मला अजूनही वाटत नाही, पाहुणे येणार म्हणून खोली रंगवतात तसा दिला असेल. (नवऱ्याचं मत वेगळं आहे.) पण बोळीचं किमतीत बसवता येत नव्हतं. तिथे मामांकडे जाऊन बसावं लागलं, तीन वेळा. पहिल्या वेळी ते म्हणाले माझा शब्द आहे की. मी म्हटलं मामा तुमच्या शब्दावर माझा विश्वास आहे पण तो माझ्या कागदात मावत नाही. तिसऱ्या वेळी तयार झाले, येण्याजाण्याचा कायमचा हक्क लिहून, नोंदवून दिला, त्याचा मोबदला घेतला, आणि वर एक अट घातली की न्हाणीघर पाडायचं. जागा परत पाहिजे म्हणून नाही, म्हणे त्याचं पाणी माझ्या भिंतीवर उडतं, वीस वर्षं सांगतोय.

न्हाणीघर आधी पडलं, मग खरेदी झाली. या क्रमात बदल करू नका कोणी सांगितलं तरी.

दोन्ही तपासण्यांचा मिळून खर्च घराच्या किमतीपुढे किरकोळ होता, नवरा आता सगळ्यांना सांगत सुटतो की मीच म्हटलं होतं सर्व्हे करू. दादा ऐकून घेतो.

आल्या आल्या पहिलं काम म्हणजे मागच्या अंगाची माती उकरून जोतं बाहेर काढलं, भिंतीचा सिमेंटचा गिलावा हळूहळू सोलून काढला आणि दगडांमधल्या दरजा (फटी) चुन्याने भरल्या. शोषखड्डा खालच्या अंगाला लांब नेला, तुळईचं कुजलेलं टोक कापून तेवढाच नवीन तुकडा जोडला, अख्खी बदलावी लागली नाही. आत गिलावा मात्र अजून केलेला नाही. बाई म्हणाल्या घाई करू नका, जाड भिंत वाळायला साधारण इंचाला एक महिना धरा, आणि आमची भिंत 18 इंचांची आहे. सध्या सातवा महिना चालू आहे. भेगेच्या पेन्सिलीच्या रेघा जिथल्या तिथे आहेत, आणि ती खोली सोडून बाकी घरात आम्ही राहतोय.